मटारच्या डब्यातल्या कुकीज

मंडळी, आमच्या घरात चोर आहे.

परवा ओट्स-कोकोच्या, न भाजता होणाऱ्या कुकीज केल्या. सासूबाईंना शुगर, म्हणून आईस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात भरून वर ‘मटार’ लिहिलं आणि फ्रीजरमध्ये तळाशी लपवल्या. आज बघते तर डबा निम्मा रिकामा!

नवऱ्याकडे रोखून पाहिलं. “मी कुठे मटार खातो?” म्हणाला. जरा जास्तच निरागस वाटला.

सासूबाईंवर संशय घ्यायचा प्रश्नच नव्हता. फ्रीजरमधलं सगळं त्यांच्या मते शिळं.

तेवढ्यात सोफ्यावरून सासूबाईच शांतपणे म्हणाल्या, “अगं, पुढच्या वेळी मध्ये बटर पेपर घाल. एक काढायला जावं तर दोन येतात.”

आता डब्यावर काय लिहू, सांगा. ‘कारलं’ लिहिलं तर शुगरला चांगलं म्हणून आधी तोच उघडतील!