ताणावरची झाडे: प्रयोग की निरीक्षण

२१ जानेवारी २०२५, मंगळवार, सकाळचे सात वाजून पस्तीस मिनिटे. काटोलजवळच्या एका संत्राबागेत मी ओलावामापकाची सळई मातीत रोवली आणि पडद्यावर सतरा टक्के उमटले. त्या झाडाचे पाणी बंद होऊन महिना उलटला होता. अशा हलक्या जमिनीत आकडा अकराच्या आसपास असायला हवा होता. कोणीतरी पाणी देत होते.

संत्र्याला आंबिया बहार, म्हणजे आंब्याच्या मोहोरासोबत येणारी फुले, यावी म्हणून हिवाळ्यात पाणी तोडतात, पाने मुडपू देतात आणि मग पाणी सोडतात. याला ताण म्हणतात. हा ताण पंधरा दिवस लांबवला तर फुले वाढतात का, हा माझ्या पीएच.डी.चा प्रश्न होता. लांबलेल्या ताणाची झाडे मी चिठ्ठ्या टाकून निवडली होती. बागमालक काकांनी मान डोलावली होती. काकूंनी नाही.

संशोधनाचे प्रकार आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. हेतूनुसार मूलभूत आणि उपयोजित, सामग्रीनुसार गुणात्मक आणि संख्यात्मक. माझ्या दृष्टीने निर्णायक होता तो आणखी एक भेद. उपचार कोणाला मिळावा हे संशोधक ठरवतो, ते प्रायोगिक. तो दुसऱ्याच कशाने ठरलेला असतो आणि आपण केवळ पाहतो, ते निरीक्षणात्मक. पहिल्यात ‘यामुळे हे झाले’ असे म्हणता येते, दुसऱ्यात ‘यासोबत हे दिसले’ इतकेच. माझा सगळा प्रबंध ‘यामुळे’वर उभा होता. आंबिया बहार वर्षातून एकदाच येतो आणि माझी शिष्यवृत्ती जूनमध्ये संपणार होती.

पहिला संशय मापकावर घेतला. माती नागपूरला आणून प्रयोगशाळेच्या भट्टीत वाळवली, वजन केले. मापक खरे बोलत होते. दुसरा संशय ठिबकवर. पण त्या ओळीच्या नळाला मी बांधलेला धागा शाबूत होता. तिसरा माझ्या एका सहाध्यायावर, कारण मी काटोलला कधी जाते याची त्याला फार चौकशी असे. तो मात्र महिनाभर हैदराबादला होता. मग मी बागेत जाण्याचा माझा ठरलेला मंगळवार मोडला आणि गुरुवारी, न कळवता, पहिल्या बसने गेले.

काकू घागर घेऊन झाडाच्या आळ्याशी उभ्या होत्या.

“आज काहून आली वं? तुहा तं मंगळवार असते.”

“काकू, पाणी देताय?”

“पाइप नाही खोलला मी. तू पाइपचंच म्हटलं होतं. पाय, तुहा धागा जसाच्या तसा आहे.”

“पण ताण...”

“ताण संक्रांतीले तुटते आमच्याकडं. त्याच्यापुढं झाड वाळलं तं तू काय करशीन? बसमध्ये बसून चालली जाशीन नागपूरले.”

मी कामाचे विचारले. “सगळ्या झाडांना सारखं दिलं का?”

“सारखं काहून देईन? ज्याचं पान जास्त मुडपलं त्याले जास्त.”

खरे नुकसान या वाक्यात होते. सारखे दिले असते तर ते हिशेबात धरता आले असते. आता माझ्या चिठ्ठ्या निकामी झाल्या होत्या. जे झाड आधीच अशक्त, त्याला पाणी अधिक. उद्या फुले कमी आली तर दोष पाण्याचा की मूळच्या अशक्तपणाचा, हे कोणत्याही सांख्यिकीने वेगळे काढता येणार नव्हते.

मी बांधावरूनच मार्गदर्शकांना फोन केला.

“दोन-चार घागरींनी काय होतं गं? शेतावरचे प्रयोग असेच असतात. प्रायोगिक लिहून टाक. परीक्षक काय बागेत येणार आहेत?”

किती झाडांना पाणी मिळाले, हे त्यांनी विचारलेही नाही. त्यांच्या हाताखालून गेलेले आणखी किती ‘प्रायोगिक’ प्रबंध असेच असतील, ही शंका तेव्हा आली. ती अद्याप गेलेली नाही.

“सर, मी निरीक्षणात्मक लिहीन. झाडनिहाय ओलावा आणि फुले, दोन्ही नोंदवून.”

“मग निष्कर्षात उरलं काय?”

“‘दिसले’ एवढं उरलं.”

“बघ बुवा. वर्ष तुझं जाणार आहे.”

त्यानंतर काकूंना मी ओळीने चालायला लावले. कोणाला किती, हे त्या न अडखळता सांगत होत्या, जरा जास्तच न अडखळता. काका मोटारीच्या खोलीपाशी आमच्याकडे पाठ करून उभे होते. मी प्रत्येक झाडाखाली सळई रोवत, आकडा टिपत पुढे सरकत होते. शेवटच्या झाडाशी काकू थांबल्या.

“याले थेंब नाही दिला. पाय ना, पान कसं ताठ आहे.”

महिनाभर तहानलेल्या झाडाचे पान ताठ कसे, हे मी विचारले नाही. “थेंबही नाही?” इतकेच म्हणाले.

“खोटं काहून बोलीन वं? इकडं मी आलीच नाही.”

काकांनी एकदा मागे वळून पाहिले आणि ते विहिरीकडे चालू लागले. मी सळई दाबली आणि आकडा स्थिरावेपर्यंत थांबले. एकोणीस पूर्णांक दोन टक्के, त्या दिवशीचा सर्वांत मोठा आकडा.