खिडकीतले दोन तुकडे

दगाभाऊ गेल्याचं त्यांचा धाकटा भाऊ भीमा सांगायला आला, तेव्हा मी आदर्श समाजावरचा तास संपवून कॉलेजच्या व्हरांड्यात उभा होतो. बोटांवर खडूची पूड होती. आता महिना होत आला.

दगाभाऊ पांडेसऱ्यात कापड रंगवणाऱ्या मिलमध्ये रंगमास्तर. आम्ही दोघंही अमळनेरकडचे, सुरतेत शेजारी. रविवारी आम्ही मिलमागच्या नाल्यावर जाऊन बसायचो. आदल्या दिवशी हौदात जो रंग उकळला असेल, तो पाण्यात उतरलेला असे; कधी गुलाबी, कधी मोरपंखी. त्या संथ पाण्याकडे बघत राहिलं की कुठेतरी नवं जग तयार होतंय, असं वाटे. मी त्यांना माझा प्रबंध सांगे : पूर्ण न्याय्य जग कसं असेल ते आधी ठरवायचं, सगळ्या देशांना एकच माप. ते मान हलवत ऐकत. माझं शहाणपण नुसतं उतू जात होतं.

एकदा त्यांनी मिलच्या खिडकीशी नेऊन माझ्या हातात कापडाचे दोन तुकडे दिले. एक डागाळलेला, दुसरा एकसारखा रंगलेला. रंग ज्याच्याशी ताडून बघायचा तो मूळ नमुना हरवला होता. नमुन्याशिवाय मी काय सांगणार, असं मी म्हणालो.

"नमुना नही, पन डोया शेत ना भाऊ? दोन्हीमा बरा कोन्ता?"

डोळे होतेच; मी एकसारख्या तुकड्यावर बोट ठेवलं आणि दोन्ही तुकडे घरी घेऊन आलो.

मग त्यांनी अर्जाचं काढलं. हौदावरच्या माणसांना रबरी हातमोजे हवे होते, एवढंच. आपलं कापड ज्या देशांत जातं, तिथल्या कामगारांना ते मिळतातच. मी म्हटलं, नुसते मोजे मागणं म्हणजे अर्धाच न्याय. बारा पानं लिहिली. मालकानं ती उलटूनही पाहिली नाहीत. शेवटी दगाभाऊंनीच मोडक्यातोडक्या गुजरातीत चार ओळी लिहिल्या आणि मोजे आले. मधल्या दोन महिन्यांत हौदावरच्या भीमाच्या हातांची सालं निघाली होती. दगाभाऊंनी मला कधी बोल लावला नाही. तेच अजून सलतं...

परवा भीमा घरी आला. वाफेच्या खोलीत पंखा हवाय, अर्ज लिहून द्या म्हणाला. सवयीनं मला साऱ्या जगाच्या न्यायाचं एक लांबलचक वाक्य सुचलं. पण ते दोन तुकडे माझ्या खिडकीत समोरच पडलेले असतात. उन्हानं दोन्ही फिकटलेत, तरी बरा कुठला ते एका नजरेत कळतं. मी चारच ओळी लिहिल्या आणि पेन भीमाकडे दिलं. सही करायला त्याला वेळ लागला. त्याची बोटं अजून पुरती मिटत नाहीत.