मिडचा नॉब आणि हरजीतजींची कॅसेट

मित्रांनो, दुपारपासून जिवाला चैन नाही.

सकाळी माझ्या चंडीगडच्या स्टुडिओत मोहालीच्या हरजीतजी एक कॅसेट घेऊन आल्या. पंजाबातल्या दहशतवादाच्या काळात, कर्फ्यूत, घरी गाणी टेप करताना त्यांच्या पापाजींचं, म्हणजे वडिलांचं, बोलणं चुकून भरलं गेलेलं. त्याच आठवड्यात ते बाहेर पडले, ते परतले नाहीत.

आवाज घरघरीत बुडाला होता. माझ्या जुन्या अ‍ॅनालॉग मिक्सरचा मिडचा, म्हणजे मधल्या पट्टीतले आवाज उठवणारा, नॉब बोलणं नेमकं पकडत नव्हता. मी कपॅसिटर बदलून त्याची फ्रिक्वेन्सी वर सरकवली.

नॉब फिरवला. पापाजी हरजीतजींच्या आईला सांगत होते, "कुडी नूं ना दस्सीं." मुलीला सांगू नकोस.

हरजीतजी म्हणाल्या, "बस, भाईसाब. बंद कर दो."

कॅसेट इथेच ठेवून त्या गेल्या. पुढचं ऐकायला एक बटण दाबायचंय. तुम्ही दाबलं असतं का?