वरणाची बादली

मारेगावजवळच्या एका खेड्यात लग्नाला गेलो होतो. पंगतीत वरण वाढायला एक साठीचा माणूस होता. उजवा गुडघा त्याला वाकवताच येत नव्हता. पाय काठीसारखा ताठ ठेवून तो कमरेतून वाकायचा, पण एक थेंब पत्रावळीबाहेर सांडत नव्हता.

"युरिक ॲसिड हाये त्यायले," शेजारचा म्हणाला. "गुडघा टम्म सुजते. डाक्टरनं वरणच बंद केलं."

तेच वरण हा माणूस "घ्या न जी, घरच्या तुरीचं हाये," म्हणत आग्रहाने वाढत होता. कुणीतरी खुर्ची आणली, तर त्याने ती परत पाठवली. "एकदा बसलो का मले उठवायले दोन माणसं लागते. उभा हावो तोवर पंगत तं जेवू घालतो."

मी मान खाली घातली. महिन्यापूर्वी माझाही गुडघा धरला, तेव्हापासून घरी मी पाण्याचा पेलासुद्धा बसल्या जागी मागत होतो. इथे लोकलाजेने मांडी घातली खरी, पण पंगत उठली तेव्हा मला उठता येईना. सगळे हात धुवायला गेले. मी उगाच पाणी पीत बसून राहिलो.

वाढताना त्याने माझा चेहरा केव्हाच वाचला असावा. तो लंगडत आला, बादली खाली ठेवली आणि हात पुढे केला.

"पहिले दुखरा पाय लांब करा. घाई नोका करू."

मी उभा राहिलो, तसा तो हसला.

"तुमचं बरं हाये. एकाच माणसात भागते."