टेबलासमोरची खुर्ची

फोन मी सरांना एक गोष्ट विचारायला केला होता. दुपार कलली होती, मी नव्या पाण्याच्या टाकीखाली उभी होते, आणि वर, टाकीचा तळ आणि भिंत जिथे मिळतात तिथे, तळहाताएवढी ओल दिसत होती. चाचणीसाठी टाकी काठोकाठ भरलेली होती. ठेकेदाराचा इंजिनिअर शेजारी उभा राहून समजावत होता, की सुरुवातीला असं थोडं पाझरतंच, मग आपोआप बुजतं. तो खोटं बोलत होता असंही नाही, तसं होतं कधीकधी. पण मला ते पटत नव्हतं. टाकीच्या खांबांना लागूनच पत्र्याची घरं होती आणि एका घरासमोर कुणीतरी बाजेवर कुरडया वाळत घातल्या होत्या. अशा वेळी गेली कित्येक वर्षं मी एकच नंबर लावत आले आहे. तो लावला, तर पलीकडे काकू, सरांच्या पत्नी, होत्या. त्यांनी शांतपणे सांगितलं की सर सकाळी गेले, दवाखान्यात न्यायलाही सवड मिळाली नाही... मी काहीतरी बोलले असेन. खरं सांगायचं तर पहिल्यांदा मनात आलं ते दुःख नव्हतं, भीती होती. आता मी विचारू कुणाला? फोन ठेवला तेव्हाही मी वरच बघत होते.

सरांचं, पुंडलिक ठवकर हे नाव वाचकांपैकी फार जणांना माहीत असण्याचं कारण नाही. ते मूळचे भंडाऱ्याकडचे, सरकारी बांधकामांत सारी नोकरी घालवून पुण्यात स्थायिक झालेले, आणि निवृत्तीनंतर मोठी सरकारी कामं सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांना शिकवणारे. कागदोपत्री त्याला नेतृत्व प्रशिक्षण म्हणत. आमच्याकडे असं प्रशिक्षण निघालं, की लोक आधी जेवण कुठलं आहे ते विचारतात. मीही त्याच उत्साहाने गेले होते. मी पाणीपुरवठ्याची कामं बघणारी अभियंता, नुकतीच बढती मिळालेली, हाताखाली माणसं आलेली, निविदांवर शेवटची सही माझी असणार होती. सभागृहात स्लाइड दाखवायचा पडदा होता, पण सरांनी तो उघडूच दिला नाही. उंच, जरा वाकलेला माणूस, पायात साध्या चपला. त्यांनी एक टेबल मधोमध ओढलं, त्याच्यामागे साहेबाची गादीची खुर्ची ठेवली आणि समोर भेटायला येणाऱ्यांची साधी, प्लॅस्टिकची. मग एकेकाला बोलावून त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवायला लागले.

नियम असा होता. तुमचा प्रकल्प कोसळला आहे, असं धरून चालायचं. पूल असेल तर पडला, रुग्णालय असेल तर पेटलं. तुम्ही तुमच्याच टेबलासमोर, आलेल्या माणसाच्या जागी बसला आहात, आणि काय झालं ते तुम्ही मोठ्याने सांगायचं. कुणाकडून घेतलं, काय बघून घेतलं, काय बघायचं राहिलं. आम्ही आधी हसलो. एक ज्येष्ठ साहेब अगदी ऐटीत जाऊन बसले, त्यांच्याकडे एका उड्डाणपुलाचं काम होतं. सर्वांत कमी दराची निविदा होती, कागद पूर्ण होते, नियमाबाहेर काही नव्हतं, असं ते सांगत गेले. सरांनी फक्त विचारलं, पूल पडला तेव्हा खाली कोण होतं? साहेब म्हणाले, माझी मुलगी त्याच रस्त्याने क्लासला जाते... आणि त्यांच्याने पुढे बोलवेना. सर त्यांच्याजवळ गेले, पाण्याचा ग्लास दिला आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "भीती वाटून राहिली न? वाटू द्या. फक्त पाहून घ्या, कागदाची वाटते का पुलाची."

एवढं एक वाक्य मी त्या प्रशिक्षणातून घरी घेऊन आले. आमच्या खात्यात भीतीला तोटा नाही. चौकशीची भीती, लेखापरीक्षणाची भीती, पेपरात नाव येण्याची भीती. सगळे घाबरलेले असतात आणि सगळ्यांची फाइल नीट असते. सरांचं म्हणणं होतं की या भीतीच्या गर्दीत खरी भीती हरवते, आणि मनातल्या मनात घाबरणारा साहेब सर्वांत धोक्याचा, कारण तो कुणाला काही सांगत नाही, नुसता सह्या करतो. म्हणून मोठ्या सहीआधी आपल्याच टेबलासमोरच्या खुर्चीत जाऊन बसायचं, भीती शोधायची आणि ज्याचा तिच्याशी संबंध आहे त्याला ती तोंडाने सांगायची. मग कामाला लागायचं. नेतृत्व म्हणजे त्यांच्या लेखी एवढंच होतं.

खरेदी कशी करावी हे शिकवायला ते आम्हाला सकाळी सकाळी मार्केट यार्डात घेऊन गेले होते. कांद्याचा लिलाव चालला होता. एक व्यापारी पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाचा कांदा काढत होता, दाबून बघत होता, वास घेत होता. सरांनी आम्हाला नुसतं बघायला लावलं. परतताना चहा घेत म्हणाले, की तो माणूस तळात हात घालतो, कारण कांदा सडला तर त्याचा स्वतःचा सडतो. आपण विकत घेतो ती टाकी, तो पूल, आपला नसतो. मग आपला हात तळापर्यंत जाईल कसा? एकाने विषय बदलून वडापाव मागवले.

पुढे ओळख वाढली. वारज्यातल्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी मी जाऊ लागले. काकू तिखटजाळ पातोडीची, म्हणजे बेसनाच्या वड्यांची, भाजी करत आणि मला पाणी प्यावं लागलं की हसत. पुण्याची माणसं भाजीत साखर घालतात म्हणून आम्हाला सगळंच तिखट लागतं, असं त्यांचं ठाम मत होतं. एकदा मी सरांना विचारलं, की ही खुर्ची तुम्हाला सुचली कशी. त्यांनी सांगितलं ते असं. तरुणपणी तिकडे एका गावात त्यांनी शाळेची इमारत बांधून घेतली होती. साहित्याचे दाखले होते, तपासणीचे शेरे होते, सगळं होतं. एका पावसाळ्यात वर्गाची एक भिंत खचून पडली. चौकशी झाली, कागद चोख निघाले, कुणावरही ठपका आला नाही. सरांचं तर कौतुक झालं, की नोंदी किती व्यवस्थित ठेवल्या आहेत. "त्या दिवशी शाळेला सुट्टी होती, मॅडम," ते म्हणाले. "सुट्टी होती, बस. बाकी काहीच नव्हतं मधात." आतून काकूंचा भांड्यांचा आवाज येत होता. हे ऐकताना मला जी भीती वाटली, ती अजून गेलेली नाही, आणि जाऊ नये असंही वाटतं.

शेवटची भेटही त्याच घरात झाली. सरांचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करता येणार नाही असं सांगितलं होतं. ते गॅलरीत बसले होते, अंगावर शाल. माझ्या टाकीत तेव्हा पाणी भरायला सुरुवात झाली होती, त्याबद्दल त्यांनी खोदून खोदून विचारलं. टाकीखाली घरं किती जवळ आहेत, लोकांशी बोललात का, हेही विचारलं. मी म्हटलं, लोकांशी काय बोलणार, त्यांना पाणी हवं आहे. त्यांनी शाल ओढून घेतली. मग एकदम खालच्या आवाजात म्हणाले, "आता त्या खुर्चीत मीच बसून आहो. भीती वाटते, मॅडम." इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना घाबरलेलं बघत होते आणि कुठे बघावं ते मला कळत नव्हतं. मी विचारलं, काकूंना सांगितलंत का? त्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं आणि मान हलवली. नाही. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या आणि सर गॅसच्या सिलिंडरचं काहीतरी बोलू लागले.

सरांचे दिवस झाल्यावर मी काकूंना भेटायला गेले. गॅलरीतली खुर्ची त्यांनी आत आणून ठेवली होती. त्या रडल्या नाहीत. माझ्यासाठी चहा टाकला, आणि मी न विचारताच म्हणाल्या, की त्यांना माहीत होतं. सर रात्र रात्र जागे असायचे आणि झोपेचं सोंग घ्यायचे, आणि त्या शेजारी तसंच सोंग घेऊन पडायच्या. "सांगायचं होतं न," त्या म्हणाल्या. "दोघंही मिळून घाबरलो असतो." साऱ्या अधिकाऱ्यांना बोलतं करणारा माणूस स्वतःच्या घरात मुका राहिला, याचा राग आला मला. जिला हे ऐकण्याचा सगळ्यांत जास्त हक्क होता तिलाच त्यांनी वाचवायला बघितलं, आणि ती एकटी पडली.

इकडे टाकीचं लोकार्पण ठरलं होतं. मंडपवाला जागा बघून गेला होता. तपासणी करणाऱ्या त्रयस्थ संस्थेचा अहवाल आला होता आणि तो अनुकूल होता, ओल किरकोळ आहे असं त्यात लिहिलेलं. वरिष्ठांनी बोलावून अगदी सौम्यपणे विचारलं, "मॅडम, अहवाल आहे, दाखले आहेत, मग तुमची सही नक्की कशाला अडली आहे? मुहूर्ताला?" मी केबिनमध्ये परत आले, दार लावलं आणि टेबलासमोरच्या खुर्चीत बसले. सही केली तर माझ्यावर काहीही येणार नव्हतं. कागद चोख होते, सरांच्या शाळेचे होते तसेच. तेवढ्यानेच मला घाम फुटला. मी सही केली नाही. टाकी रिकामी करायला सांगितली आणि दुसऱ्या तज्ज्ञांकडून आतून-बाहेरून तपासणी मागवली. मंडप रद्द झाला. ऐन उन्हाळ्यात वस्तीला पुन्हा टँकर सुरू झाले, आणि खात्यात मला नवं नाव मिळालं, ते इथे सांगण्यासारखं नाही.

त्या तपासणीचा निकाल हे लिहीपर्यंत आलेला नाही. तो काय येईल या विचाराने मला धड जेवण जात नाही. टाकी चांगली निघाली, तर मी हजारो माणसांना विनाकारण तहानलेलं ठेवलं. वाईट निघाली, तर... ते वाक्य मी पुरं करत नाही. रोज जेवणाच्या सुट्टीत थोडा वेळ मी त्या समोरच्या खुर्चीत बसते. सर असते तर त्यांनी काय विचारलं असतं ते ओळखायचा प्रयत्न करते.

परवा अशीच बसले होते. शिपाई चहाला गेला होता. दार ढकलून पन्नाशीची एक बाई आत आली. चपला तिने दाराबाहेर काढल्या होत्या. टेबलामागची मोठी खुर्ची रिकामी बघितली, मला बघितलं, आणि मीही तिच्यासारखीच ताटकळत बसले आहे अशा समजुतीने शेजारच्या खुर्चीत बसली. मॅडम अजून आल्या नाहीत का, असं तिने मला विचारलं. मी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात तीच बोलू लागली. टाकीच्या पायाशी तिचं घर. टँकर येतो तेव्हा ती कामावर असते, शेजारीण हंडा भरून ठेवते. तक्रार टँकरची असेल असं मला वाटलं, पण ती तिथे थांबली नाही.

"पानी यील तवा यील," ती म्हणाली. "पर लोक म्हनत्यात, हितल्या मॅडम टाकीला भ्याल्या. भ्याल्या तर भ्याल्या, मानूसच हाय. पर कशाला भ्याल्या ते आमाला कोन सांगतंय का? आमी तिच्याखाली निजतोय."

मला काकूंचा चेहरा दिसला. गॅलरीत सरांनी मला विचारलेला प्रश्नही तेव्हाच आठवला, लोकांशी बोललात का... मी वरिष्ठांना सांगितलं होतं, ठेकेदाराला, तज्ज्ञांना, सगळ्यांना सांगितलं होतं. उठून टेबलामागे जाऊन बसणं सोपं होतं. मी गेले नाही. खुर्ची तिच्याकडे वळवली आणि म्हटलं, ती घाबरलेली बाई मीच. ती दचकून उठायला लागली, मी तिचा हात धरून बसवलं. मग ओल कुठे दिसली, किती दिसली, मला काय वाटलं, काय कळलं आहे आणि काय अजून कळलेलं नाही, ते सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज कापत होता आणि तो मी लपवला नाही.

"आता रिकामी हाय न्हवं ती?" तिने शेवटी विचारलं. मी हो म्हटलं. "मंग आज निजतो आमी. फुडं काय व्हईल ते यून सांगा. वंगाळ असलं तरी सांगा."

ती गेल्यावर शिपाई आला. त्याने दोन्ही खुर्च्या सवयीने टेबलाकडे तोंड करून सरळ लावल्या. तो बाहेर गेल्यावर मी त्या पुन्हा एकमेकींकडे वळवल्या, पर्स उचलली आणि वस्तीवर जायला निघाले.