सुभगाचे डोळे

काचबिंदूनं आमच्या ह्यांची नजर गेली, तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी दुर्बीण ट्रंकेत टाकली, रजयांच्या पार तळाशी. फुलंब्रीच्या ऑफिसात नोकरीला होते तेव्हा त्यांचा एकेक रविवार पाखरांमागं जायचा आणि मी त्या पाखरांवर सवतीसारखी जळायची. आता रविवारीही ते खिडकीकडे पाठ करून बसत. ते मला बघवेना.

श्रावणातल्या एका सकाळी मीच दुर्बीण गळ्यात अडकवली. पट्टा पार पोटापर्यंत लोंबत होता. ह्यांना हाताला धरून हिमायत बागेत नेलं. चिंचेखालचा उजेडही हिरवा झाला होता. आपण विहिरीच्या तळाशी बसलोय असं वाटत होतं. वरून एक लांब शीळ आली, मग एक आखूड, मग नुसती कुरकुर. हे म्हणाले, तीन पाखरं आहेत. मी भिंगातून बघितलं, तर चोच एकाचीच हलत होती.

त्यांनी रंग विचारला आणि माझी पंचाईत झाली. मला रंग ठाऊक ते गुलमंडीच्या बाजारातल्या साड्यांचे. म्हटलं, अंग लिंबू रंगाचं, वर काळं पोत, त्यावर दोन पांढरे काठ. काठ कुठं, ते त्यांना कळेना. भलत्याच पाखरांची नावं घ्यायला लागले. शेवटी पंख समजून त्यांच्या दंडावर बोटानं दोन रेघा ओढल्या.

तेवढ्यात पाखरू उंच उडालं आणि अंग फुलवून, शीळ लांबवत, पिंजलेल्या कापसासारखं तरंगत खाली आलं. मी सांगत गेले. ह्यांनी माझा हात घट्ट धरला.

"सुभग," ते म्हणाले. "मादीसाठी नाचतोय. ती हिरवट असती. बघ, जवळच असंल."

होती. पानाखालच्या अळ्या वेचत होती, नाचाकडे लक्षच नव्हतं. तसं सांगितल्यावर ते हसले. किती महिन्यांनी ते हसू ऐकलं!

मग त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं.

"त्याचे डोळे कसे हायेत गं? लई चुळबुळ्या असतो. मला कधी नीट दिसलेच नाय."

मी दुर्बिणीचं चाक फिरवत राहिले. पाखरू क्षणभर थांबलं.

"फिके आहेत," मी म्हटलं. "पांढरट पिवळे."

"अस्सं व्हय," ते म्हणाले आणि तोंड वर करून बसून राहिले.

पुढच्या रविवारी उठून बघते, तर हे चपला घालून दारात उभे. दुर्बीण हातात, आणि पट्टा माझ्या मापाचा आखूड केलेला.