शाल, श्रीफळ आणि शीर्षासन

शीर्षासनात मी डावीकडे कलते. हे मला कुणा माणसानं नाही, भिंतीनं सांगितलं. धानोऱ्याच्या आमच्या घरी मी रोज सकाळी मधल्या खोलीच्या कोपऱ्यात डोक्यावर उभी राहते आणि डाव्या भिंतीवर माझ्या टाचेचे डाग पडतात. नवऱ्याला पाहायला सांगितलं तर ते चहाचा कप हातात धरून म्हणतात, "मले त सरळच दिसून राह्यली." त्यांना आमच्या शेताचा वाकडा धुरा, म्हणजे बांधही, सरळच दिसतो, तेव्हा तो विषय संपला.

मी शिकले ते मोबाइलवर बघून. मोबाइलमधले गुरू मला दिसतात, पण त्यांना मी दिसत नाही. तिथंच घोडं अडलं होतं. गेल्या पावसाळ्यापासून मान दुखायला लागली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "या वयात कशाला हव्यात या कसरती? सोडा." सोडा म्हणणं सोपं आहे हो. धानाच्या रोवणीनं वाकलेली पाठ ज्या सवयीनं सरळ झाली, ती अशी कशी सोडू? मी ठरवलं, एकदा जाणत्या माणसाला दाखवायचं. तो सोड म्हणाला तर सोडायचं.

तेवढ्यात वडशाच्या योगशिबिराचं पत्रक हाती आलं. शनिवार-रविवार. रविवारपुढे लिहिलं होतं: शीर्षासन, वैयक्तिक मार्गदर्शन. त्या 'वैयक्तिक' शब्दावर भुलून मी बसमध्ये बसले.

हिवाळ्यात वडशाला मंडप आणि स्टेज यांची काय वाण! सगळीकडे नाटकांचाच हंगाम. शिबिरासाठीही नाटकवाल्यांकडूनच स्टेज भाड्यानं आणलं होतं, मागे राजदरबाराचा रंगवलेला पडदा तसाच. नागपूरहून आलेले योगशिक्षक त्या दरबारात पांढऱ्या कपड्यांत बसले. मला हसू आलं. ते शेवटचं हसू.

मग सुरू झाले सत्कार. पाहुण्यांचा, पाहुण्यांना घेऊन आलेल्यांचा, मंडप देणाऱ्यांचा, जेवण देणाऱ्यांचा. आम्ही सतरंजीवर मांडी घालून टाळ्या वाजवतोय. भाषणात प्रत्येकानं सांगितलं, योग म्हणजे कृती, बोलणं नव्हे. आणि बोलतच राहिले! दुपारी एकदाचे सूर्यनमस्कार आले, तर हात वर नेल्यावर आयोजक ओरडले, "तसेच ठेवा जी, फोटो येऊ द्या." खांदे भरून आले, पण फोटो काही येईना.

चहाच्या वेळी मी सरांना गाठलं. म्हटलं, "सर, माझं शीर्षासन एकदा बघाल का? मी कलते, मान दुखते."

"उद्या, उद्या नक्की," ते म्हणाले. म्हणताना बघत होते ते फोटोवाल्याकडे.

रविवारी कळलं, समारोपाचे पाहुणे लवकर येणार म्हणून शीर्षासन रद्द. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयोजकांना म्हटलं, "भाऊ, मी याच्याचसाठी आली."

"काऊन घाई करून राह्यल्या, बाई? व्हिडिओ टाकतो ना ग्रुपवर."

व्हिडिओ! व्हिडिओ बघूनच तर मी वाकडी झाले होते.

समारोपात माइकवरून माझं नाव आलं. "धानोऱ्यासारख्या दुर्गम भागातून आलेल्या साधक भगिनी..." दुर्गम ऐकलं की माझं डोकंच फिरतं. कुणाला दुर्गम? मी तिथं चूल पेटवते, भाजी आणते, सून नांदवते. आम्हाला वडसा लांब पडतं, म्हणून आम्ही वडशाला दुर्गम म्हणतो का? दोन दिवस या लोकांनी माझ्याकडे बघितलं नाही, आणि आता माझ्या तालुक्याचा सत्कार करायला निघाले.

मी स्टेजवर गेले. सरांनी मला शाल पांघरवली, नारळ हातात दिला. फोटोवाला म्हणाला, "इकडे पाहा."

मी नारळ टेबलावर ठेवला. शाल काढली, तिची जाड घडी केली, राजदरबाराच्या पुढ्यात खाली ठेवली. सलवार-कुर्ता होता, ओढणी कमरेला बांधली. गुडघे टेकले, डोकं शालीवर ठेवलं आणि पाय वर नेले.

"आता बघा, सर," मी खालून म्हणाले.

माझे पाय डावीकडे कलायला लागले, नेहमीसारखे. इथं तर भिंतही नव्हती. मग सरांचे पाय जवळ आलेले दिसले. ते वाकले. त्यांनी माझ्या डाव्या कोपराला बोट लावलं.

"हे बाहेर सरकतंय. आत घ्या. भार हातांवर येऊ द्या, मानेवर नको."

मी कोपर आत घेतलं. अंग सरळ झालं. मला पाहावं लागलंच नाही, कळलं. मान हलकी झाली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काहीच टोचत नव्हतं. उलट्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते कपाळावरून केसांत गेलं. सोडायचं नव्हतं तर. एवढंच होतं. एक बोट लावण्याचं काम.

सर कौतुकानं, अगदी गोड आवाजात म्हणाले, "अहो बाई, मग हे कालच का नाही विचारलंत?"

शीर्षासनात भांडता येत नाही. म्हणून मी पाय खाली घेतले.